एका पायातला मोजा

"मावशी, हे ऑलिव्ह म्हणजे पिझ्झ्यावर असतं तेच ना?"

भाची दहावीत. इतिहासाचा पेपर परवावर आलेला आणि बाईसाहेब आमच्या डायनिंग टेबलाशी खुर्चीवर मांडी ठोकून बसलेल्या. एका हातात पिवळा हायलायटर, दुसऱ्यात चकली. युरोपातल्या राष्ट्रवादाच्या धड्यात एक चौकट आहे, डावीकडे वस्तू आणि उजवीकडे तिचा अर्थ. तुटलेल्या साखळ्या म्हणजे मुक्ती. गरुडाचं चिलखत म्हणजे सामर्थ्य. ओकच्या पानांचा मुकुट म्हणजे शौर्य. तलवार म्हणजे लढायची तयारी, तलवारीला गुंडाळलेली ऑलिव्हची फांदी म्हणजे तहाची तयारी. उगवत्या सूर्याचे किरण म्हणजे नवं युग. ही सगळी मालमत्ता एकाच बाईच्या अंगावर आहे. बाईचं नाव जर्मानिया, म्हणजे बाईच्या रूपातली जर्मनी, चित्रकार फिलिप फाइट, साल १८४८.

"तेच ऑलिव्ह," मी म्हटलं.

"मग हिला लढायचंय की तह करायचाय? एकाच हातात दोन्ही?"

मला उत्तर आलं नाही. "कितीला आहे प्रश्न?" असं विचारून मी वेळ मारून नेली. पण ती चौकट डोक्यात राहिली. सोन्याच्या दुकानात दागिन्यांना चिठ्ठ्या लावलेल्या असतात तसं हे चित्र. चिठ्ठ्या वाचल्या की बघण्यासारखं काही उरत नाही.

रूपक आपल्याला नवं नाही. भारुडातली सासू ही सासूच असते, आणि तरीही ती सासू नसते. ऐकणारा आधी खो खो हसतो, घरी जाताना मग त्याला कळतं की बोलणं भलत्याच कोणाबद्दल चाललं होतं. भारूड जिवंत का, तर ती सासू आधी पक्की सासू असते. टोचून बोलते, उसनंपासनं मागते. अर्थ मागून येतो. चौकटीतली जर्मानिया मला उलटी वाटली, अर्थ सगळे आधी जमवले आणि बाई मागाहून उभी केली. माझं हे मत पुढे थोडं बदललं. ते सांगेनच.

त्याच धड्यात काही पानं मागे फ्रेंच चित्रकार देलाक्रुआचं एक चित्र आहे, ग्रीकांच्या खिओस बेटावरच्या कत्तलीचं. मुलं ते भराभर उलटतात, कारण त्याला चौकट नाही. २०१७ साली नणंदेकडे फ्रँकफर्टला गेले होते, तेव्हा रेल्वेने पॅरिसला जाऊन ते चित्र प्रत्यक्ष पाहिलं. लूव्रमध्ये गर्दी मोनालिसाकडे लोटलेली असते. जवळच मोठमोठ्या फ्रेंच चित्रांचं एक लांबलचक दालन आहे, गडद लाल भिंतींचं. तिथे मान वर करूनच चालावं लागतं. खिओसचं चित्र चार मीटरहून उंच आहे.

१८२१ मध्ये ग्रीक तुर्की सत्तेविरुद्ध उठले. १८२२ मध्ये खिओसवर सूड उगवला गेला. हजारो मारले गेले, हजारो गुलाम म्हणून विकले गेले. देलाक्रुआ तेव्हा चोविशीचा. ग्रीसला तो कधी गेला नव्हता. १८२४ च्या पॅरिसच्या सरकारी प्रदर्शनात, ज्याला सालों म्हणत, त्याने हे चित्र लावलं. त्यात देवी नाही, झेंडा नाही, कोणी वीर नाही. मरणाच्या दारात बसलेली माणसं आहेत, एकमेकांना टेकून, जणू शेवटची एसटी चुकलेली. मेलेल्या आईच्या छातीशी एक तान्हं झटतंय. एक म्हातारी वर बघतेय, आणि ती काय बघतेय ते चित्रात नाही. ग्रो नावाचे तेव्हाचे बडे चित्रकार म्हणाले म्हणे, ही तर चित्रकलेचीच कत्तल! सरकारने चित्र विकत घेतलं ते घेतलंच.

माझं कुतूहल इथून सुरू होतं. असं नागडं, रूपकाशिवायचं चित्र काढणारा हा माणूस दोनच वर्षांनी रूपकाकडे का वळला?

मिसोलोंगी हे पश्चिम ग्रीसमधलं खाजणाकाठचं गाव. कवी बायरन ग्रीकांना मदत करायला तिथे गेला आणि १९ एप्रिल १८२४ रोजी तापाने तिथेच वारला. गावाचं नाव युरोपभर पोचलं ते त्यामुळे. पुढल्याच वर्षी तुर्कांनी वेढा घातला, मग इब्राहिम पाशाची इजिप्शियन फौज येऊन मिळाली. वेढा वर्षभर चालला. धान्य संपलं, मग गाढवं, मांजरं, उंदीर, समुद्राचं शेवाळ. एप्रिल १८२६ मधल्या एका रात्री उरलेल्यांनी फळी फोडून बाहेर पडायचा प्रयत्न केला, त्यातले फार थोडे वाचले. ज्यांच्यात चालायचंही त्राण नव्हतं ते मागे राहिले. ख्रिस्तोस काप्सालिस नावाच्या म्हाताऱ्याने त्यातल्या अनेकांना दारूखान्यात गोळा केलं आणि शत्रू आत शिरल्यावर बत्ती दिली.

बातमी पॅरिसला पोचली तेव्हा ग्रीकांच्या मदतीसाठी एका खासगी गॅलरीत चित्रप्रदर्शन चालू होतं. देलाक्रुआने त्याच वर्षी तिथे नवं चित्र आणून लावलं, 'मिसोलोंगीच्या भग्नावशेषांवर ग्रीस'. आता ते बोर्डोच्या संग्रहालयात आहे. बोर्डोला मी गेलेले नाही, त्यामुळे पुढचं सगळं पडद्यावर मोठं करकरून पाहिलेलं.

एकच बाई आहे. निळा अंगरखा, पांढरा पोशाख, छाती अर्धी उघडी. एक गुडघा दगडावर टेकलेला. दोन्ही हात खाली पसरलेले, तळवे आपल्याकडे. हा हात जोडणं नाही आणि पदर पसरणंही नाही. घरात चोरी झाल्यावर पोलिसांना रिकामं कपाट दाखवताना बाई जसे हात करते, तसे ते हात आहेत. हे बघा. काही ठेवलं नाही.

ही ग्रीस. देश म्हणजे बाई, इथपर्यंत नेहमीचंच. फ्रेंचमध्ये ग्रीस स्त्रीलिंगी, स्वातंत्र्य स्त्रीलिंगी, प्रजासत्ताकही स्त्रीलिंगी, त्यामुळे त्यांना हे सोपं जातं. आपल्याकडे 'देश' पुल्लिंगी आणि 'स्वातंत्र्य' नपुंसकलिंगी, म्हणून आपल्याला शेपटीला 'देवी' किंवा 'माता' जोडावी लागते. (आणि जोडली की लगेच हळदकुंकू आलं.)

चित्राच्या अगदी खाली, उजवीकडे, ढिगाऱ्यातल्या दगडांमधून एक हात बाहेर आलाय. मेलेल्या माणसाचा. चेहरा नाही, धड नाही. पाषाणावर रक्त सांडलंय, तेही वाळत आलेलं. वेढ्यातल्या हजारोंपैकी चित्रात एवढाच काय तो हात. वरची बाई खोटी, म्हणजे कोणी अशी बाई त्या रात्री तिथे बसली नव्हती. खालचा हात खरा. तो हात झाकून चित्र पाहिलं तर वर उरते नाटकातली नायिका. उघडा केला की ती बाई एकदम त्या हाताची कोणीतरी लागू लागते. आई म्हणा, बहीण म्हणा.

खिओसमध्ये त्याने माणसांचा ढीग काढला आणि पाहणारे ढिगाकडे ढीग म्हणूनच बघून पुढे गेले, हे त्याच्या लक्षात आलं असावं. ढिगाचा शोक करता येत नाही. टीव्हीवर आकडे सरकत असतात तेव्हा आपण आमटीत मीठ बरोबर आहे का ते बघत असतो, हा माझा तरी अनुभव आहे. शोक एकाच अंगाचा करता येतो. म्हणून त्याने एक अंग उभं केलं, आणि ते हवेत तरंगू नये म्हणून पायाशी तो हात ठेवला. हे माझं म्हणणं, त्याच्या कुठल्या पत्रात नाही.

एक गोष्ट मात्र खटकते. बाईच्या मागे अंधारात एक सैनिक झेंडा रोवून उभा आहे. काळा, पागोटेवाला, ऐटीत. इजिप्शियन फौजेचा म्हणून तसा ठीक, पण गोरी, शुभ्र कपड्यातली पीडित बाई आणि मागे सावळा क्रूर शिपाई ही मांडणी युरोपच्या हाताला फार सवयीची आहे. आपण बघताना कुठे उभं राहायचं? माझी सहानुभूती बाईकडे आणि कातडी शिपायाकडे, अशी ओढाताण होते. होऊ दे.

मग १८३०. देलाक्रुआचंच 'लोकांना पुढे नेणारी स्वातंत्र्यदेवता'. हे चित्र सगळ्यांनी कुठे ना कुठे पाहिलेलं असतं. हातात तिरंगा घेतलेली, छाती उघडी पडलेली बाई, पाठीमागे बंदूकधारी माणसं. मी कित्येक वर्षं समजत होते की हे १७८९ चं, बॅस्टिल वगैरेचं. तसं समजणारे बरेच भेटतात. प्रत्यक्षात ही नंतरची क्रांती, ४१ वर्षांनी झालेली. दहाव्या शार्ल राजाने जुलै १८३० मध्ये वटहुकूम काढले, वृत्तपत्रांचं स्वातंत्र्य बंद, नवी निवडून आलेली प्रतिनिधीसभा बरखास्त, मतदार आणखी कमी. २७, २८, २९ जुलै असे तीन दिवस पॅरिसने रस्त्यातले दगड उखडून अडथळे रचले आणि राजाला पळवून लावलं. त्याच महिन्यात, ५ जुलैला, त्याच राजाच्या फौजेने अल्जिअर्स घेतलं होतं. घरी स्वातंत्र्य आणि समुद्रापलीकडे वसाहत, दोन्ही एकाच कॅलेंडरच्या पानावर. आपल्याला याचं नवल वाटायचं कारण नाही, दीडशे वर्षं आपणही असल्या पानाच्या मागच्या बाजूला होतो.

देलाक्रुआ अडथळ्यांवर लढला नाही. त्या ऑक्टोबरात भावाला त्याने लिहिलं की आधुनिक विषय घेतलाय, एक बॅरिकेड, आणि देशासाठी लढलो नसलो तरी निदान त्याच्यासाठी चित्र तरी काढीन. या वाक्यात जरा ओशाळलेपण आहे, ते मला आवडतं. भाऊ नेपोलियनच्या फौजेतला जनरल. जनरल भावाला चित्रकार भाऊ आणखी काय लिहिणार?

लूव्रमध्ये हे चित्र त्याच लाल दालनात आहे. सव्वातीन मीटर रुंद. समोर सेल्फी काढणाऱ्यांची रांग, त्यामुळे आधी मला वरचा अर्धाच भाग दिसला. बाई, झेंडा, धूर, उजवीकडे दूर नोत्र-दामचे मनोरे. गर्दी सरकली आणि खालचा अर्धा भाग दिसला तेव्हा मी चपापले.

खाली प्रेतं आहेत. बाई ज्यावर पाय ठेवून पुढे येतेय ते दगड आणि फळ्या आहेत, आणि त्यांच्या अलीकडे, आपल्या अगदी पुढ्यात, मेलेले लोक. उजवीकडे राजाचे सैनिक. डावीकडे एक माणूस, अंगात नुसता सदरा, तोही वर सरकलेला, कमरेखाली उघडा. एका पायात मोजा. एकाच.

त्या मोज्यापाशी मी किती वेळ उभी होते कोणास ठाऊक. झोपेतून ओढून आणला असेल? की मेल्यावर कोणीतरी विजार काढून नेली? दंगलीत मेलेल्याच्या अंगावरचं आधी काय जातं, तर चपला-बूट. मोजा काढून नेण्याइतका वेळ कोणालाच नसतो, पण मग दुसरा कुठे गेला? स्वातंत्र्य वरून झेंडा फडकावत येतंय आणि खाली हा गृहस्थ असा पडलाय. चित्रकाराला चादर टाकता आली असती. त्याने टाकली नाही.

आणि देवीसुद्धा देवी राहिलेली नाही. डोक्याला क्रांतिकारकांची लाल टोपी, हातात संगीन लावलेली खरी पायदळी बंदूक, पाय अनवाणी. काखेत केस! पाहणाऱ्यांना सगळ्यात जास्त झोंबले ते हे केस. संगमरवरी देवींना काख असते, केस नसतात. हायनरिश हायने हा जर्मन कवी १८३१ मध्ये पॅरिसमध्ये होता. त्याने लिहिलं की या आकृतीत गणिका, मासळीवाली आणि स्वातंत्र्यदेवता यांचं चमत्कारिक मिश्रण आहे. ससून डॉकवर सकाळी गेलेल्या कोणालाही हे मिश्रण कळेल. टोपली डोक्यावर घेऊन गर्दीतून वाट काढणारी बाई 'बाजूला व्हा' म्हणते तेव्हा जो खांदा पुढे येतो, तोच खांदा इथे आहे.

मिसोलोंगीत गुडघ्यावर बसलेली बाई चार वर्षांनी उठून उभी राहिली, असं म्हणायचा मोह होतो. सोपं आहे म्हणूनच मी तो आवरते. हेही विसरता येत नाही की हिच्या नावाने ज्यांनी मतदानाचे हक्क वाढवले त्यांनी ते मूठभर श्रीमंत पुरुषांना दिले, आणि फ्रान्समधल्या हाडामांसाच्या बायकांना मत मिळायला १९४४ उजाडलं. चित्रातली बाई पुढे, घरातल्या बायका मागे. हे रूपकांचं जुनंच दुखणं. जिला अधिकार द्यायचा नाही तिची मूर्ती मोठी करायची.

पुढची गोष्ट तर भारीच आहे. क्रांतीतून आलेल्या लुई-फिलिपच्या सरकारने चित्र ३,००० फ्रँकना विकत घेतलं, काही काळ लावलं आणि मग आत टाकलं. ज्या चित्राने आपल्याला गादी मिळवून देणाऱ्या लोकांचं गुणगान केलं, तेच उद्या लोकांना पुन्हा दगड उखडायला शिकवेल, हे राजाला बरोबर कळलं. मग ते चित्रकाराकडेच परत गेलं. १८७४ मध्ये ते लूव्रमध्ये आलं, तोवर देलाक्रुआला जाऊन ११ वर्षं झाली होती.

मी पाहिलं तेव्हा तिचा पोशाख पिवळा होता, हळदीच्या हातांनी धुतलेल्या साडीसारखा. मला वाटलं होतं तो रंग चित्रकारानेच निवडलाय, आणि त्या पिवळ्यावर मी मनातल्या मनात एक छान परिच्छेदही जुळवला होता. २०२४ च्या मे महिन्यात चित्र साफ होऊन परत भिंतीवर आलं, वर्षानुवर्षं चढलेले वॉर्निशचे थर काढून. पोशाख पांढुरका-राखाडी निघाला, त्यावर सोनेरी पिवळ्याचे नुसते फटकारे. माझा परिच्छेद वॉर्निशवर उभा होता.

आता जर्मानिया. भाचीच्या प्रश्नानंतर मी तिच्याविषयी वाचायला बसले ते खरं तर तिला नावं ठेवायलाच. स्वच्छ पाय, विंचरलेले केस, कुठे धूळ नाही, खाली कोणी मेलेलं नाही. चित्र कुठे होतं? फ्रँकफर्टच्या सेंट पॉल चर्चमध्ये, जिथे १८ मे १८४८ रोजी जर्मनीची पहिली निवडून आलेली संसद भरली. चर्चमधला ऑर्गन झाकायला तिथे हे जवळपास पाच मीटर उंच चित्र टांगलं होतं, तेही साध्या पातळ सुती कापडावर काढलेलं. म्हणजे संसदेचा पडदाच. आपल्याकडे सभेच्या मागे फ्लेक्स लावतात तसा. आणि मी त्या चर्चमध्ये गेलेले आहे! नणंदेने "इथे संसद भरायची" म्हणून आत नेलं होतं. १९४४ च्या बॉम्बफेकीत ते जळलं आणि नंतर नव्याने बांधलं गेलं. आतून पांढरं, गोल, रिकामं. मला तिथे बसायला बरी जागा मिळाली, एवढंच आठवतं. चित्र केव्हाच न्यूर्नबर्गच्या संग्रहालयात गेलंय.

ती संसद वर्षभरच टिकली. एप्रिल १८४९ मध्ये त्यांनी प्रशियाच्या राजाला सम्राटपद देऊ केलं, त्याने नाकारलं, जूनमध्ये उरलेल्या सभासदांना सैन्याने हाकललं. १८५० मध्ये ह्यूब्नर नावाच्या चित्रकाराने याच बाईला पाडलं. 'पतित जर्मानिया'. पुस्तकात तेही चित्र आहे.

मला धक्का बसला तो फाइटच्या चरित्राने. १८४८ मध्ये तो पंचावन्न वर्षांचा, धार्मिक वळणाची मऊ चित्रं काढणारा, कॅथलिक झालेला, ज्यू तत्त्वज्ञ मेंडेल्सोनचा नातू. वीस वर्षांचा असताना, १८१३ मध्ये, तो नेपोलियनविरुद्ध लढायला ल्युत्सोच्या स्वयंसेवक पथकात भरती झाला होता. या पथकाला सरकारी गणवेश नव्हता. येणाऱ्याने आपापले कपडे आणायचे, आणि सगळ्यांचे एकसारखे दिसावेत म्हणून ते काळे रंगवायचे. कारण कुठल्याही रंगावर काळा बसतो. त्यावर लाल पट्ट्या आणि पितळेची पिवळी बटणं. जर्मनीच्या काळ्या-लाल-सोनेरी झेंड्याचं मूळ बरेच जण त्या गणवेशात शोधतात.

म्हणजे पस्तीस वर्षांनी जर्मानियाच्या हातात झेंडा देताना तो रंग याने पुस्तकातून घेतलेला नाही. कढईत उकळलेल्या काळ्या रंगाचा वास त्याला ठाऊक असणार. तलवार आणि ऑलिव्ह एकाच मुठीत का, याचंही उत्तर कदाचित त्याच्या दोन वयांत आहे. तलवार विशीतली, फांदी पंचावन्नाव्या वर्षाची. धूळ होती, फक्त त्याने ती पुसून मग चित्र काढलं. देलाक्रुआ लढला नाही आणि त्याने मोजा काढला. फाइट लढला आणि त्याने मोजा काढला नाही. यातून काय समजायचं ते मला अजून नीट समजलेलं नाही. लढून आलेल्या माणसाला मोजे पुन्हा बघायचे नसतील, असं एकदा वाटतं. तरी चित्र म्हणून मला जर्मानिया आवडत नाही ती नाहीच.

हे सगळं मी त्या रात्री टेबलापाशी उत्साहाने सांगायला गेले. भाचीने दोन मिनिटं ऐकलं आणि म्हणाली, "मावशी, हे लिहिलं तर मार्क कापतील." मग पुढचा धडा काढला. त्यात चित्रकार अवनींद्रनाथ टागोरांची १९०५ ची भारतमाता आहे, भगव्या वस्त्रातली, चार हातांत पोथी, भाताच्या ओंब्या, वस्त्र आणि जपमाळ. "हिच्यापण वस्तू पाठ करायच्या," ती म्हणाली, आणि चारी वस्तूंवरून पिवळा हायलायटर फिरवला.

जेवणं झाल्यावर मी फोनवर १८३० चं चित्र काढून तिच्यापुढे ठेवलं, साफ केल्यानंतरचं. काही बोलले नाही. तिने सवयीने दोन बोटांनी मोठं केलं. आधी बाई, मग दोन पिस्तुलं घेतलेला पोरगा, मग खाली सरकत डाव्या कोपऱ्यात.

"ई," ती म्हणाली. मग जरा वेळाने, "याचा दुसरा मोजा कुठंय?"

"माहीत नाही."

तिने आणखी मोठं केलं. दगडांवर, फळ्यांच्या फटीत, सैनिकाच्या बाजूला शोधत राहिली.

"इथे एक बूट पडलाय," ती म्हणाली. "पण तो याचा नसणार."